दुसऱ्याच्या मापाची पट्टी

नेदरलँड्समध्ये २००८च्या अखेरीस एक मोठी पाहणी सुरू झाली. रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रातल्या संशोधकांनी बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या तीन संस्थांना सोबत घेतलं आणि तिथल्या पन्नाशी गाठलेल्या १०५० जणांची तब्येत बारकाईनं तपासायला घेतली. त्यातला एक भाग चालण्याचा होता. ही माणसं दिवसाकाठी किती पावलं टाकतात ते बघायचं, आणि त्यासाठी कमरेला पेडोमीटर, म्हणजे पावलं मोजणारं छोटं यंत्र अडकवायचं. कल्पना इतकी साधी की यात काही अडेल असं कुणाला वाटू नये.

प्रत्यक्षात भरवशाचं मोजमाप हाती आलं ते फक्त २५७ जणांचं. कुणी चाकाच्या खुर्चीत होतं, कुणाची चाल इतकी संथ की यंत्राला ती कळतच नाही, कुणाला कमरेला काही बांधलेलं सहन होत नव्हतं, कुणाला हे कशासाठी चाललंय ते उमगलं नाही. जे २५७ उरले ते साहजिकच त्यातल्या त्यात धडधाकट. त्यांच्यातही रोज दहा हजार पावलांचा टप्पा गाठणारे १६.७ टक्के होते, आणि पाच हजारांच्याही आत राहणारे ३९ टक्के. संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की आमचा हा आकडा खऱ्या परिस्थितीपेक्षा बराच चांगला दिसत असणार, कारण ज्यांची हालचाल सर्वांत कमी, ते मोजणीतून आधीच गळाले आहेत.

उरलेल्या ७९३ जणांचं काय? हे प्रकरण खरं तर त्यांच्याबद्दल आहे.

हालचाल मोजायची कशाला, असंही कुणी विचारेल. उत्तर आयुष्याच्या लांबीत आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होतं. आज ते साठीच्या घरात गेलं आहे. जन्मजात हृदयदोषावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, मोठ्या बंदिस्त संस्थांऐवजी मुलं घरात वाढू लागली, संसर्गांवर औषधं मिळाली. ज्या मुलाची पंचविशी दिसेल की नाही अशी धास्ती होती, ते आता चाळिशी-पन्नाशी बघतं. मग त्याच्या वाट्याला लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब, ठिसूळ हाडं हे सगळं येतं, आणि या सगळ्यावर हालचाल हा स्वस्तातला उपाय आहे. पण ती किती होते आहे हेच ठाऊक नसेल, तर वाढवायची किती आणि वाढली की नाही हे ठरवायचं कसं?

विचारून बघणं हा सर्वांत जुना मार्ग. जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांमध्ये साधारण असं विचारतात: गेल्या सात दिवसांत किती दिवस दम लागेल असं काम केलंत, आणि दर दिवशी किती वेळ? या एका प्रश्नात किती गोष्टी गृहीत धरल्या आहेत ते पाहा. आठवडाभराची आठवण हवी. पंधरा मिनिटं आणि पाऊण तास यांतला फरक मनात धरता यायला हवा. ‘मध्यम’ आणि ‘जोरकस’ हे शब्द स्वतःच्या छातीतल्या धडधडीशी जुळवता यायला हवेत. तुम्हा-आम्हाला तरी हे नीट जमतं का, याची मला शंका आहे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला तर नेमक्या याच गोष्टी अवघड जातात.

त्यात आणखी एक गुंता आहे. अमेरिकेत कॅरोल सिगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१मध्ये दाखवून दिलं की बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना हो-नाहीचे प्रश्न विचारले तर उत्तर ‘हो’कडे झुकतं. प्रश्न उलटा करून विचारला तरी पुन्हा ‘हो’च येतं. याला खोटं बोलणं म्हणू नये. ज्या माणसाच्या आयुष्यातले सगळे निर्णय दुसरे घेतात, त्यानं समोरच्याला आवडेल ते उत्तर द्यायला शिकणं यात नवल ते काय! “रोज चालायला जातोस ना रे?” असं आपण विचारतो तेव्हा उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातलेलं असतं.

मग आईला विचारायचं, शाळेतल्या बाईंना विचारायचं, संस्थेतल्या मावशींना विचारायचं. संशोधनात असंच करतात. पण आई बघते ती सकाळ-संध्याकाळ, बाई बघतात ती दुपार, मावशींची पाळी बदलते. दिवसाचा प्रत्येक तुकडा वेगळ्या माणसाकडे असतो आणि अख्खा दिवस कुणाकडेच नसतो. शिवाय आईच्या उत्तरात अंदाजाबरोबर काळजी मिसळलेली असते, आणि संस्थेच्या उत्तरात संस्थेची अब्रू.

म्हणून यंत्राकडे वळावं लागतं. यंत्र तरी तटस्थ असेल, अशी आशा असते.

पावलं मोजण्याचं वेड जपानमधून आलं. टोकियोच्या १९६४च्या ऑलिंपिकनंतर व्यायामाची हवा होती आणि १९६५मध्ये एका जपानी कंपनीनं ‘मानपो-केई’ नावाचं पेडोमीटर बाजारात आणलं. नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. आज जगभरच्या घड्याळांत आणि फोनांत ठाण मांडून बसलेला तो दहा हजारांचा आकडा विक्रीसाठी दिलेल्या या नावातून आला. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांची पाहणी २०१९मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात दिवसाला ४४०० पावलं चालणाऱ्यांचाही मृत्यूचा धोका फारच कमी चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसला, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा जवळपास थांबला. म्हणजे नेदरलँड्समधल्या त्या माणसांना आपण ज्या पट्टीवर नापास केलं, ती पट्टी मुळात कुठल्याच दवाखान्यात तयार झाली नव्हती. आकडा सोडला तरी यंत्राच्या अडचणी उरतातच. पाय घासत चालणाऱ्याचं पाऊल पेडोमीटरला पाऊल वाटत नाही. पोट सुटलेलं असेल तर यंत्र तिरकं होतं आणि मोजणी चुकते. मनगटावरच्या घड्याळाची चूक उलट्या दिशेची. खुर्चीत बसून पुढे-मागे झुलणाऱ्या किंवा आनंदानं हात फडफडवणाऱ्या मुलाच्या खात्यात ते जागच्या जागी पावलं जमा करत राहतं.

संशोधकांचं सध्याचं आवडतं साधन म्हणजे अ‍ॅक्सिलरोमीटर, मराठीत त्वरणमापक. हे काडेपेटीएवढं यंत्र पावलं ओळखण्यापेक्षा शरीराला बसणारे झटके टिपतं. वर-खाली, आजूबाजूला, मागे-पुढे किती वेगानं हललं याची सेकंदाला अनेक वेळा नोंद होते आणि शेवटी मिनिटागणिक एक आकडा मिळतो. आकडा मोठा तर हालचाल जास्त. पण कितीच्या वर गेला म्हणजे ‘मध्यम व्यायाम’? ही रेघ कुणीतरी आखावी लागते. प्रौढांसाठी सर्वांत जास्त वापरलेली रेघ पॅटी फ्रीडसन आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये आखली: मिनिटाला १९५२. त्यासाठी २५ पुरुष आणि २५ स्त्रिया ट्रेडमिलवर ठरावीक वेगानं चालल्या-धावल्या. या पन्नास निरोगी अमेरिकन माणसांच्या चालीवरून निघालेली रेघ पुढे जगभरातल्या कुणालाही लावली गेली.

ग्लासगो विद्यापीठातल्या आर्लीन मॅकगार्टी यांनी २०१६मध्ये हा प्रश्न लहान मुलांच्या बाबतीत नव्यानं मांडला. बौद्धिक दिव्यांगत्व असलेली ८ ते ११ वर्षांची पन्नास मुलं त्यांनी निवडली. ट्रेडमिलचा हट्ट न धरता मुलांना खेळू दिलं, कमरेला यंत्र बांधलं आणि माणसांनी डोळ्यांनी पाहून नोंद केली की आत्ता हे मूल बसलंय, चालतंय की दमतंय. मग दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या. इतर मुलांसाठी प्रचलित असलेल्या एका पट्टीत मध्यम हालचालीची सुरुवात मिनिटाला २२९६ला होते. या मुलांच्या बाबतीत ती १००८ला होत होती, म्हणजे निम्म्याच्याही खाली.

एखादं मूल मैदानात मिनिटाला १५०० या गतीनं खेळतंय असं धरा. जुन्या पट्टीप्रमाणे ते ‘हलकी हालचाल’ करतंय, त्याच्या वहीत व्यायामाचं एक मिनिटही जमा होत नाही. त्याच्यासारख्याच मुलांवरून काढलेल्या पट्टीप्रमाणे ते चांगला व्यायाम करतंय. मूल तेच, मैदान तेच, घामही तोच. ‘ही मुलं हलतच नाहीत’ असं आजवर जे म्हटलं गेलं, त्यातलं किती मुलांबद्दल खरं होतं आणि किती पट्टीबद्दल, हे तपासायलाच हवं. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. रेघ खाली आणली की वहीतली मिनिटं वाढतात, मूल मात्र तितकंच हललेलं असतं. नवी पट्टी म्हणजे समाधान मानून बसण्याचा परवाना नव्हे. एवढंच, की त्यामुळे मुलाच्या खात्यावर त्यानं न केलेला आळस जमा होत नाही.

पट्टी चुकण्याचं सर्वांत ठळक उदाहरण हृदयाचं आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला घरी किंवा संस्थेत व्यायाम देणाऱ्या प्रत्येकानं ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

व्यायामशाळेत लावलेला तक्ता आपण सगळ्यांनी पाहिला आहे: २२० वजा वय, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा. तीस वर्षांच्या माणसाची १९०. तिच्या ७० टक्के, म्हणजे १३३ ठोके, हा मध्यम व्यायाम. बो फर्नहॉल आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या चाचण्यांवरून वेगळं सूत्र काढलं. त्यानुसार डाऊन सिंड्रोम असलेल्या तीस वर्षांच्या व्यक्तीची कमाल मर्यादा १६२च्या आसपास येते. जवळपास २८ ठोक्यांचा फरक. कारण मनाच्या तयारीत नाही, शरीराच्या आतल्या यंत्रणेत आहे. व्यायाम सुरू झाला की हृदयाला पुढे हाकणाऱ्या नसा आणि अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं जितकी जागी व्हायला हवीत तितकी या शरीरात होत नाहीत. हृदयाला वेग घ्यायचा असतो, पण हाक पोचत नाही.

आता हिशेब करा. घड्याळावर ११३ दिसतात. घड्याळ आपल्या तक्त्याप्रमाणे सांगतं की हा जेमतेम ५९ टक्क्यांवर आहे, हलकं चाललंय, वाढवा. प्रत्यक्षात तो स्वतःच्या मर्यादेच्या ७० टक्क्यांवर आहे आणि अगदी योग्य व्यायाम करतोय. शिक्षकांनी घड्याळाचं ऐकून १३३पर्यंत ताणलं तर तो ८२ टक्क्यांवर जातो. हा जोरकस व्यायाम झाला, तोही ज्याच्या स्नायूंत जन्मतः ढिलेपणा आहे अशा शरीराला. मग तो मध्येच मैदानात बसकण मारतो आणि कुणीतरी म्हणतं, “बघा, हा किती हट्टी!” तो हट्टी नसतो, दमलेला असतो. चालण्याचंही तसंच. सांधे सैल आणि तोल सावरण्यासाठी पाय फाकवून टाकलेली पावलं, यामुळे त्याच अंतराला त्याची जास्त शक्ती खर्च होते. स्टामाटिस अगिओव्लासिटिस यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. यंत्रावर तोच आकडा दिसत असला तरी डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीनं वापरलेला प्राणवायू इतरांइतकाच असेल असं धरता येत नाही, हे त्यांच्या अभ्यासांतून दिसतं.

म्हणजे या माणसांची क्षमता मुळातच कमी, असा अर्थ कुणी काढेल. साठ वर्षांपूर्वी तो काढला जातच होता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला टोरांटोमधले फ्रँक हेडन यांनी अशा मुलांची शारीरिक क्षमता मोजली, तेव्हा ती इतर मुलांच्या तुलनेत खूपच कमी भरली. तोवर समज असा की हा दिव्यांगत्वाचाच भाग. हेडन यांनी मुलांना नियमित व्यायाम दिला आणि क्षमता वाढली. त्यांचा निष्कर्ष असा की यातला मोठा भाग संधी न मिळाल्याचा आहे: ही मुलं खेळत नाहीत, कारण त्यांना कुणी खेळायला घेत नाही. हेडन यांच्या या कामाचा हात १९६८च्या जुलैमध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर भरलेल्या पहिल्या स्पेशल ऑलिंपिक्सच्या उभारणीत होता. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी उभं केलेलं ते काम आज भारतातही स्पेशल ऑलिंपिक्स भारत या नावानं चालतं.

संधी कुणाच्या हातात असते हा प्रश्न मला सर्व यंत्रांपेक्षा मोठा वाटतो. ग्लासगोमध्येच ‘वॉक वेल’ नावाचा प्रयोग झाला. बौद्धिक दिव्यांगत्व असलेले १०२ प्रौढ, बारा आठवडे, पेडोमीटर, चालण्याचं वेळापत्रक, समजावून सांगणारे सल्लागार. २०१५मध्ये निकाल आला: ज्यांना कार्यक्रम दिला आणि ज्यांना दिला नाही त्यांच्या चालण्यात ठसठशीत फरक पडला नाही. नकारार्थी निकाल प्रसिद्ध केल्याबद्दल त्या मंडळींचं कौतुक करायला हवं. मला त्यातून दिसतं ते असं. आपण यंत्र एका माणसाच्या कमरेला लावतो, पण तो बाहेर पडणार की नाही हे दुसरा ठरवतो. दाराची कडी त्याच्या हातात नसते. रस्ता ओलांडायला सोबत लागते. सोबतीला येणाऱ्याची पाळी संपली की चालणंही संपतं. पंधरा अभ्यासांतल्या ३१५९ प्रौढांची माहिती एकत्र करणारा आढावा २०१६मध्ये आला. किमान शिफारशीएवढी हालचाल त्यांच्यापैकी फक्त ९ टक्के लोकांची होत होती. पट्टीतल्या साऱ्या चुका वजा केल्या तरी हा आकडा पूर्ण पुसला जाणार नाही. पण तो एकट्या त्या ३१५९ जणांचा आकडा नाही, त्यांच्या घरांचा, संस्थांचा आणि रस्त्यांचाही आहे.

आपल्याकडे २०११च्या जनगणनेत बौद्धिक दिव्यांग म्हणून नोंदले गेलेले लोक सुमारे १५ लाख होते. मुंबईत जय वकील शाळा १९४४पासून उभी आहे, आणि आज जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष शाळा आहेत. शाळेत निदान कवायतीचा तास असतो, क्रीडास्पर्धा असतात. अठरा वर्षं पूर्ण झाली की शाळा सुटते. पुढे नशिबानं कार्यशाळा मिळाली तर दिवसभर बसून पाकिटं चिकटवायची, पणत्या रंगवायच्या. नाही मिळाली तर घर. पडेल, हरवेल, कुणी चिडवेल या भीतीनं घरातली माणसं त्याला बाहेर सोडत नाहीत, आणि ती भीती खोटी नसते. मुलींच्या बाबतीत तर ती आणखी गडद. घरात मात्र यांतली कित्येक मुलं-मुली पाण्याच्या बादल्या उचलतात, अंगण झाडतात, कणीक मळतात, गुरांना चारा घालतात. कणीक मळताना खांदे भरून येतात, पण कमरेवरच्या यंत्राला त्यातलं काही कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०च्या शारीरिक हालचालींच्या शिफारशींत दिव्यांग व्यक्तींचा पहिल्यांदाच स्वतंत्र विचार केला. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं. अगदीच न हलण्यापेक्षा थोडं हललेलंही चांगलं, हेही तिथे स्पष्ट म्हटलं आहे. पालकांनी आणि शिक्षकांनी हे दुसरं वाक्य आधी लक्षात ठेवावं.

मोजायचं असेल तर महागडं यंत्र नसलं तरी अडत नाही. थॉमस मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी १९९१मध्ये व्यायामाच्या तासासाठी निरीक्षणाची पद्धत तयार केली. एका मुलाकडे दहा सेकंद बघायचं, पुढचे दहा सेकंद लिहायचं: आडवं आहे, बसलंय, उभं आहे, चालतंय की त्याहून जोरात काही करतंय. पुन्हा दहा सेकंद बघायचं. त्यासाठी वही, पेन्सिल आणि सेकंदकाटा पुरतो. चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी रकाने थोडे बदलले की त्याचीही नोंद होते, आणि यंत्र अंगाला न लावू देणारं मूलही मोजणीतून गळत नाही. या पद्धतीची मला सर्वांत भावणारी गोष्ट म्हणजे तिच्यात मुलाच्या रकान्याशेजारी शिक्षकांचा रकाना असतो: त्या वेळी वर्गात काय चाललं होतं आणि शिक्षक काय करत होते? तासाचा किती वेळ रांग लावण्यात आणि सूचना देण्यात गेला, तेही कागदावर येतं.

यंत्र वापरायचंच असेल तर पहिला आठवडा मोजू नका. पट्टा आधी ताईंनी बांधावा, मग भावानं, मग बाहुलीला बांधून दाखवावा. हातात घेऊन, वास घेऊन, फेकून देऊन झाल्यावर तो एक दिवस कमरेला बसतो. संशोधनात साधारणपणे दिवसाचे दहा तास आणि निदान चार दिवस यंत्र अंगावर असेल तरच नोंद धरतात. तेवढं जमलं नाही म्हणून मुलाचं नाव यादीतून काढू नका, जितकं जमलं तितकं लिहा. कुणाचं मोजता आलं नाही आणि का, हेही लिहा. आणि मोजण्याआधी त्याला विचारा. चित्रं दाखवून विचारा, ‘नको’ म्हणायची सोय ठेवून विचारा, आणि त्यानं पट्टा ओढून काढला तर ते त्याचं उत्तर समजा.

वहीत रोजच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना मात्र नक्की आखा: आज याच्यासोबत कोण चाललं? महिन्याअखेरीस वही उघडा आणि आधी तो रकाना वाचा.